लोडसेलचा आकडा नाचतोय?

2 मिलिव्होल्ट प्रति व्होल्टचा लोडसेल (वजनाचा विजेचा सिग्नल करणारा सेन्सर) 5 व्होल्टवर पूर्ण वजनाला जेमतेम 10 मिलिव्होल्ट देतो. शेजारी मोटर सुरू झाली की आकडा नाचणारच. मी आधी नुसता गेन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा करायचा ते, वाढवत बसलो. सिग्नलबरोबर गोंगाटही शंभरपट झाला, दुसरं काय होणार!

आधी वायरी बघा. सिग्नलच्या दोन्ही तारांना एकमेकींभोवती पीळ द्या, शील्ड (तारांवरचं धातूचं आवरण) एकाच टोकाला ग्राउंड करा, मोटरच्या केबलपासून लांब न्या. मग सेलजवळच इन्स्ट्रुमेंटेशन अँप्लिफायर (दोन तारांमधला फरक तेवढा मोठा करणारी चिप) बसवा. एडी620 या अशाच चिपला 499 ओहमचा रेझिस्टर लावला की गेन 100. पुढे 10 किलोओहम आणि 1 मायक्रोफॅरडचा फिल्टर: साधारण 16 हर्ट्झच्या वरचं दबतं. वजन सावकाश बदलतं, त्यामुळे चालतं. एडीसीचा (सिग्नलचा आकडा करणाऱ्या चिपचा) रेफरन्स, म्हणजे तुलनेचा व्होल्टेज, मात्र सेलच्याच सप्लायवरून घ्या.