दोन डिपार्टमेंटचा मिळून एक कोर्स कसा उभा करायचा

आधी विषय नाही, प्रश्न शोधा. "विज्ञान आणि समाज" असलं नाव दिलं की मीटिंगमध्ये सगळे हो म्हणतात, मग निम्मं सेमिस्टर भौतिकशास्त्रवाले बोलतात, उरलेलं समाजशास्त्रवाले, आणि मुलं मधल्यामधे लटकतात. त्यापेक्षा १८५४ ची लंडनची कॉलऱ्याची साथ घ्या ना, डॉक्टर जॉन स्नोला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपाचा संशय आला आणि त्याने मृत्यू नकाशावर मांडले, म्हणजे यात आकडेमोड आली, वैद्यक आलं, शहराचा इतिहास आला, आणि पंपाचा दांडा काढायचं कोणी ठरवायचं हे राजकारणही आलंच. पहिल्या तासाला नुसता नकाशा द्या, काही सांगू नका. दोन्ही शिक्षक प्रत्येक तासाला वर्गात हवेत, आपसात वाद घातला तर उत्तमच.

खरी डोकेदुखी वर्कलोडची. दोघं शिकवतात म्हणून प्रत्येकाच्या खात्यात अर्धाच तास धरला तर पुढच्या वर्षी कोणी फिरकत नाही, म्हणून दोघांनाही पूर्ण तास धरला जाईल हे आधीच लेखी घ्या. पेपरला रुब्रिक (कशाला किती मार्क द्यायचे त्याचा तक्ता) एकच, पण पहिले पाच पेपर दोघांनी वेगवेगळे तपासून मार्क जुळवून बघा (तफावत बघून हसू येईल). आणि आधी अमुक कोर्स केलेलाच हवा, अशी अट नको, जनरल एज्युकेशन आहे ते, सगळ्या शाखांच्या मुलांसाठी.