राष्ट्रीय प्रयोगशाळेत पोस्टडॉक करायचीय? आधी यंत्र ठरवा

पीएचडी संपत आलेली मुलं विचारतात, "ताई, अमेरिकेतल्या लॅबमध्ये अर्ज कसा करू?" मी आधी विचारते, तुझा हात कुठल्या यंत्रावर बसलाय?

अमेरिकी ऊर्जा खात्याच्या १७ राष्ट्रीय प्रयोगशाळा आहेत. तिथल्या पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधन नोकरीच्या, जागा बहुधा ठरावीक प्रकल्पाच्या पैशातून निघतात आणि बऱ्याच प्रकल्पांच्या मुळाशी एखादं मोठं उपकरण असतं. शिकागोजवळच्या आर्गॉनमध्ये ११०४ मीटर घेराचा एक्स-रे सिंक्रोट्रॉन (इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरवून तीव्र एक्स-रे मिळवणारं यंत्र) आहे, ओक रिजमध्ये न्यूट्रॉन स्रोत. तुमच्या कामाला यातलं काय लागतं, ते ठरलं की निम्म्या लॅब आपोआप गळतात. लॉस अलामॉस, लिव्हरमोर, सँडिया इथल्या अनेक जागांना अमेरिकी नागरिकत्व लागतं. जाहिरातीतली ती ओळ आधी वाचा.

सगळ्यात चांगली वाट बीमटाइमची, म्हणजे अशा यंत्रावर प्रयोगासाठी मिळणाऱ्या वेळेची, आणि ती पीएचडीतच धरा. सुरुवात इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर करा. मग गाइडशी बोलून परदेशी सिंक्रोट्रॉनला प्रपोजल पाठवा. आर्गॉनला कुठल्याही देशातून अर्ज करता येतो, आणि निकाल प्रसिद्ध करणार असाल तर बीमटाइमचे पैसे पडत नाहीत. प्रवासखर्चाची सोय मात्र आपली आपण करायची. बीमटाइम रात्रंदिवस चालतो. पहाटे तीनला सॅम्पल नीट बसत नसताना तुम्ही काय करता, हे बीमलाइन सायंटिस्ट (त्या प्रयोगकेंद्राचा जबाबदार शास्त्रज्ञ) बघत असतो. मला कुणी मुलाखतीबद्दल विचारलं, तर मी या रात्रींबद्दलच सांगते.

लॅबमधल्या शास्त्रज्ञांशी ओळख नसेल तर त्यांना ईमेल करा, पण सहा-सात ओळींत. त्यांचा कुठला पेपर वाचला, तुम्ही स्वतः काय मोजलंत, विश्लेषणाचा कोड कुणी लिहिला, एवढंच. सोबत तुमचा एक आलेख जोडा, एरर बारसकट (मोजमापातली अनिश्चितता दाखवणाऱ्या रेघांसकट). "मी मेहनती आहे" हे वाक्य गाळा. पुढे सेमिनारमध्येही "आम्ही केलं" म्हणत राहिलात, तर तुमचा वाटा कुणाला कळत नाही.

आर्गॉनची मारिया गोपर्ट मायर किंवा ओक रिजची विग्नर फेलोशिप हवी असेल, तर संशोधनाचा प्रस्ताव स्वतःचा लागतो. तिथल्या शास्त्रज्ञांशी त्यावर काही महिने आधी बोला.

निवड झाली तरी घाईने नोकरी सोडू नका, घर रिकामं करू नका. परदेशी नागरिकाला लॅबमध्ये प्रवेशाची वेगळी मंजुरी लागते आणि तिला वेळ लागतो. व्हिसा बहुतेकदा जे-१ (एक्सचेंज व्हिजिटर) असतो. रिसर्च स्कॉलर म्हणून त्याची कमाल मुदत पाच वर्षं. तो कार्यक्रम संपला की त्याच प्रकारात परतायला २४ महिने थांबावं लागतं, म्हणून तारखा लिहून ठेवा.

करार बहुधा वर्षाचा, नूतनीकरण होणारा. रुजू होण्याआधीच ग्रुप लीडरला विचारा: बीमटाइमसाठी बाहेरून येणाऱ्या युजर्सना मदत करण्यात माझा किती वेळ जाईल आणि माझ्या पेपरसाठी किती उरेल? प्रकल्पाचे पैसे कधी संपतात, हेही विचारा. त्या तारखेच्या वर्षभर आधी पुढचे अर्ज सुरू करा.