बाळंतपणानंतर परत ड्युटीवर, भुसावळ-जळगाव अपडाउनसकट

पहिल्या बाळानंतर कामावर जायचं म्हटलं की सगळ्या जणी पहिल्या दिवशीच्या रडारडीचंच सांगतात, पण खरी तयारी रजा संपायच्या महिनाभर आधीच करावी लागते. मी जळगाव एमआयडीसीत अकाउंट्सला आहे, भुसावळहून अपडाउन करते, म्हणजे दिवसाचे दहा तास तरी घराबाहेर.

रजेचं बऱ्याच जणींना माहीत असतं, मातृत्व रजेच्या कायद्यात 2017 ला झालेल्या बदलापासून पहिल्या दोन बाळांसाठी 26 आठवडे पगारी, त्यातले जास्तीत जास्त 8 डिलिव्हरीच्या आधी घेता येतात. पण बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत जेवणाच्या सुट्टीशिवाय रोज दोन नर्सिंग ब्रेक मिळतात हे आमच्या एचआरलाही धड माहीत नव्हतं, त्यामुळे तोंडी नका बोलू, जॉइन व्हायच्या आधीच मेल टाका. 50 किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघराची सोयही द्यावी लागते, पण त्या गच्च भरलेल्या गाडीतून लेकराला कोण नेणार, म्हणून तो विषय मी सोडूनच दिला.

दुधाचं मात्र नीट बघा. आमच्या पोराला बाटली चालेना, मग वाटी-चमचा सुरू केला, तर मी समोर दिसले की तोंडच फिरवायचा. मग मी गच्चीवर जाऊन बसायची आणि सासूबाई पाजायच्या, पंधरा दिवस हेच चाललं तेव्हा कुठे जमलं. काढलेलं दूध साधारण 25 डिग्रीला 4 तास टिकतं, फ्रीजमध्ये 4 दिवस. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, तिथे 4 तासांचा हिशोब धरूच नका, काढलं की लगेच आइस पॅकवाल्या डब्यात. आणि पंपिंगला रूम मागा, बाथरूममध्ये दूध काढायला कुणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा.

अकाउंट्सवाल्या असाल तर 20 तारखेनंतरच जॉइन व्हा, जीएसटीचं 3बी, म्हणजे 20 तारखेपर्यंतचं महिन्याचं रिटर्न, भरायच्या गडबडीत ब्रेक कोण देतंय! शक्यतो सुट्टीच्या दोन दिवस आधीची तारीख घ्या, पहिल्या आठवड्यात सलग सहा दिवस झेपत नाही.

आणि आपलं काम परत मागून घ्या. माझ्या पार्ट्या, म्हणजे ज्यांचे हिशोब मी बघायची ती गिऱ्हाइकं, रजेत दुसऱ्याकडे गेल्या होत्या, आल्यावर मला नुसतं व्हाउचर एंट्रीला बसवलं, वर 'तुम्हाला त्रास नको म्हणून' असं गोड बोलून. पहिल्याच आठवड्यात साहेबांकडे गेले, अर्ध्या पार्ट्या मिळाल्या, बाकीच्यांचं अप्रेझलला बघू म्हणाले. तेही मेलवर घेऊन ठेवलंय.