भरतीची वेळ पोरांनाच काढायला लावा

सुट्टीत पोरं मोबाईल सोडत नसतील तर हे करून बघा, आम्ही मे महिन्यात केलं आणि खरंच मस्त जमलं. आपल्याकडे जुन्या मच्छीमारांचा हिशोब आहे, तिथीच्या पाऊणपट वाजता भरती. म्हणजे चतुर्थी असेल तर 4 ची पाऊणपट 3, तीनच्या आसपास पूर्ण भरती, अष्टमीला 6 वाजता, आणि ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. पौर्णिमेनंतर परत प्रतिपदेपासून मोजायचं.

पोरांनी कॅलेंडरवर तिथी बघायची, गुणाकार करायचा, वहीत वेळ लिहायची आणि मग आजोबांना किंवा बाबांना घेऊन किनाऱ्यावर नाहीतर खाडीच्या धक्क्यावर जाऊन खरी वेळ बघायची. माझ्या मुलीने वाळूत काठी रोवली होती, पाणी काठीला लागून मागे फिरलं तेव्हा घड्याळात 20 मिनिटांचा फरक निघाला, तिला वाटलं गणित चुकलं. चुकलं नव्हतं, हा हिशोब ढोबळच आहे, भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते आणि पाऊणपटीत आपण 45 च धरतो, शिवाय गावागणिक थोडा फरक पडतोच.

पंधरा दिवस नोंदी ठेवा म्हणजे अमावस्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग (म्हणजे पाण्याचा चढउतार कमी असतो तो काळ) पोरांना आपोआप कळतो. चंद्र सूर्य एका रेषेत आले की ओढ वाढते, हे तेव्हाच सांगा, लिंबू आणि चेंडू घेऊन अंगणात दाखवता येतं.

पावसाळ्यात मात्र पाण्याजवळ नको, लांबूनच बघा.