वयोवृद्ध नेत्याच्या प्रकृतीची बातमी कशी पारखावी

मार्च 1979मध्ये जयप्रकाश नारायण मुंबईच्या जसलोक रुग्णालयात अत्यवस्थ असताना पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी लोकसभेत त्यांच्या निधनाची घोषणा केली. संसदेचे कामकाज थांबले, आकाशवाणीचे नेहमीचे कार्यक्रम बंद झाले, दुकाने आणि शाळा बंद झाल्या, आणि मग कळले की जयप्रकाशजी हयात आहेत. त्यानंतर ते सहा महिन्यांहून अधिक काळ जगले आणि 8 ऑक्टोबर 1979 रोजी पाटण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा बातमी देणाऱ्याचे पद किती मोठे आहे हे पाहण्यापेक्षा तो रुग्णाच्या किती जवळ आहे, हे आधी पाहावे. निधनाच्या बाबतीत तर रुग्णालयाचे निवेदन किंवा घरच्या माणसांचा शब्द आल्याशिवाय कोणतीही बातमी पुढे पाठवू नये. 5 डिसेंबर 2016च्या संध्याकाळी काही तमिळ वाहिन्यांनी तमिळनाडूच्या मुख्यमंत्री जयललिता गेल्याचे सांगितले, पक्षाच्या मुख्यालयावरचा झेंडा अर्ध्यावर उतरवला गेला आणि रुग्णालयाने इन्कार केल्यावर तो पुन्हा वर चढवला गेला. रुग्णालयाने जाहीर केलेली निधनाची वेळ त्याच रात्री साडेअकराची होती.

रुग्णालयाचे पत्रक हाती आले की त्यावर वेळ आणि सही आहे का, हे पाहावे आणि मग त्यातले शब्द सावकाश वाचावेत. ‘प्रकृती स्थिर आहे’ याचा अर्थ प्रकृती सुधारली असा होत नाही. नाडी, रक्तदाब, श्वसन यांत मोठे चढउतार नाहीत एवढाच तो होतो, आणि कृत्रिम श्वसनयंत्रावर असलेला रुग्णही स्थिर असू शकतो. ‘उपचारांना प्रतिसाद देत आहेत’ या वाक्यातून रुग्ण बरा होत आहे की फक्त औषध लागू पडत आहे, ते कळत नाही. पत्रकात काय लिहिलेले नाही, हेही नोंदवून ठेवावे. जयललितांना 22 सप्टेंबर 2016 रोजी दाखल केले तेव्हा ताप आणि शरीरातील पाणी कमी होणे ही कारणे सांगण्यात आली होती, आणि मुक्काम अडीच महिन्यांवर गेला. माहितीची ती पोकळी अफवांनी भरली. मृत्यूच्या चौकशीसाठी पुढे निवृत्त न्यायमूर्तींचा आयोग नेमावा लागला.

चित्रफितींच्या बाबतीत सर्वाधिक सावध राहावे लागते, आणि त्यासाठी जून 2024मधील दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. 13 जून रोजी इटलीत जी-7 परिषदेच्या वेळी अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जो बायडेन इतर नेत्यांना सोडून भरकटल्यासारखे चालत गेले, अशी एक फीत जगभर फिरली. ती कडेने कापलेली होती. पूर्ण दृश्यात ते नुकत्याच उतरलेल्या छत्रीधारी सैनिकांकडे वळलेले दिसतात. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, 27 जूनला, अटलांटा येथे निवडणुकीतील प्रतिस्पर्धी डोनाल्ड ट्रम्प यांच्याशी झालेल्या वादविवादात 81 वर्षांचे बायडेन सुमारे दीड तास थेट प्रक्षेपणात अडखळताना साऱ्या देशाने पाहिले आणि 21 जुलैला त्यांनी उमेदवारी सोडली. पहिली फीत खोटा आभास निर्माण करणारी होती म्हणून त्यांच्या प्रकृतीविषयीची शंकाच निराधार होती असे नाही, आणि शंका खरी ठरली म्हणून ती फीतही प्रामाणिक ठरत नाही. काही सेकंदांच्या तुकड्यावरून मत बनवू नये. विनासंपादित, लांबलचक, प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम शोधावा. तसा कार्यक्रम महिनोन्‌महिने झालाच नसेल, तर ती स्वतःच एक बातमी आहे.

डॉक्टरांचे दाखलेही असेच तपासावेत. त्याच वर्षी फेब्रुवारीत बायडेन यांच्या वैद्यांनी ते पदासाठी सक्षम असल्याचे लिहून दिले होते. बौद्धिक क्षमतेची स्वतंत्र चाचणी मात्र झाली नव्हती. दाखला कशाचा आहे यापेक्षा काय तपासले याला महत्त्व द्यावे. उलट, ज्यांनी रुग्णाला हातही लावलेला नाही असे तज्ज्ञ पडद्यावरून निदान करू लागले, तर त्यांची पदवी कितीही मोठी असली तरी ते बाजूला ठेवावे. 1964मध्ये अमेरिकेतील एका मासिकाने मानसोपचारतज्ज्ञांकडून राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांच्याविषयी असेच दुरून मत मागवले, त्यावरून खटला झाला आणि तो मासिक हरले. 1973मध्ये तेथील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने असे निदान करण्यास मनाई केली.

एवढे केल्यावर आपला प्रश्न नेमका कोणता, हे स्वतःशी स्पष्ट करावे. आजाराचे नाव, शस्त्रक्रियेचा तपशील, हात थरथरण्याचे कारण हे बहुतांशी त्या माणसाचे आणि त्याच्या घरच्यांचे आहे, आणि त्याची चवीने चर्चा करणे मला क्रूरपणाचे वाटते. कारभार कोण पाहतो, हा मात्र नागरिकांचा पूर्ण हक्काचा प्रश्न आहे. राष्ट्रपती आजारी असल्यास उपराष्ट्रपतींनी काम पाहावे, असे आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद 65मध्ये आहे. मुख्यमंत्री महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळले तर काय, याची तशी तरतूद नाही. म्हणून 11 ऑक्टोबर 2016 रोजी महाराष्ट्राचे राज्यपाल आणि तमिळनाडूचा अतिरिक्त कार्यभार सांभाळणारे सी. विद्यासागर राव यांनी जयललितांची खाती ओ. पन्नीरसेल्वम यांच्याकडे सोपवली आणि जयललिता मुख्यमंत्रीपदी कायम राहिल्या. हा बदल मुख्यमंत्र्यांच्याच सल्ल्याने झाल्याचे राजभवनाने कळवले होते.

तेव्हा कुजबुजीच्या मागे जाण्याऐवजी नोंदी मागाव्यात. मंत्रिमंडळाच्या किती बैठका झाल्या, त्यांचे अध्यक्षस्थान कोणी भूषवले, विधिमंडळात उत्तरे कोणी दिली, खाती कोणत्या आदेशाने कोणाकडे गेली, आणि कागदावर सही कोणाची आहे, हे विचारावे. त्याच ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणुकीच्या उमेदवारांच्या अर्जांवर जयललितांच्या सहीच्या जागी अंगठ्याचा ठसा होता.