गाडीचं स्लो बसत नाही? स्क्रूला हात लावण्याआधी या चुका टाळा

बेळगावात टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटवर थांबलं की रेल्वे जाईपर्यंत कुणाची तरी गाडी घूंऽ घूंऽ करत असतेच. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "पाय काढला की बंद पडूलालीय." गेली दोन वर्षं तो घूं घूं करणारा मीच होतो. त्या काळात केलेल्या चुकांवर जेवढे पैसे गेले, तेवढ्यात गाडीला दोन टायर नवे आले असते.

इंजिन गरम झाल्यावर बहुतेक पेट्रोल गाड्यांचा आयडल (म्हणजे आपला स्लो, पाय काढल्यावर इंजिन ज्या वेगाने फिरत राहतं तो) ६५० ते ८५० आरपीएमच्या मध्ये बसतो. सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर तो १२०० च्या आसपास चढतो आणि काही मिनिटांत उतरतो. आता ही उतरंड म्हणजे बिघाड नव्हे. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात असतो, तो बघा. कानावर भरवसा ठेवू नका. तीन सिलिंडरचं इंजिन मुळातच थोडं थरथरतं, आणि इंजिन पेलणारं माउंटिंग खचलं असेल तर ७५० वरही स्टिअरिंग हातात नाचतं. काट्याने ७५० दाखवलं आणि तरी गाडी हलत असेल, तर रोग स्लोचा नाही.

पहिली चूक स्क्रूची. कार्बोरेटरवाल्या जुन्या मारुती ८००चा स्लो स्क्रूड्रायव्हर घेऊन पाव फेरा फिरवला की बसायचा. ती सवय आपल्या हातातून अजून गेलेली नाही. इंजेक्शनच्या गाडीत थ्रॉटल बॉडीवर, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या तोंडावर, जो स्क्रू दिसतो, तो आतला बटरफ्लाय (हवा अडवणारी पट्टी) कुठवर मिटायचा एवढंच ठरवतो आणि कारखान्यातच बसवलेला असतो. तो फिरवला की सेन्सरला वाटतं, ड्रायव्हरने पाय दाबलाय. मग ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, आयडल सांभाळायचं सोडून देतो. दोन दिवस गाडी झकास चालते, तिसऱ्या दिवशी एसी लावला की पुन्हा तेच. मी हा स्क्रू फिरवलाय आणि आधी किती फेरे होता ते लिहून ठेवलं नव्हतं. पुढचं सांगत नाही.

दुसरी चूक म्हणजे बॉनेट आधी उघडणं. आधी आठवडाभर फक्त बघा: आयडल पडतो तो कधी? निम्मं निदान इथेच होतं.

एसी, हेडलाइट किंवा रेडिएटरचा पंखा लागल्यावरच पडत असेल, तर वाढलेला भार सावरायला जादा हवा मिळत नाहीये. थ्रॉटल बॉडीतला कार्बन किंवा जुन्या गाडीत आयडलची हवा सोडणारा व्हॉल्व्ह, हे पहिले संशयित. सोबत बॅटरीही मोजा. इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. ब्रेक दाबल्यावर पडत असेल आणि पायाशी सूंऽ असा आवाज येत असेल, तर ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरचा पडदा फाटलाय का ते बघून घ्या. हे मात्र उद्यावर टाकू नका. टाकी फुल केल्यावर लगेच गाडी धडपडत असेल, तर टाकीतली वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा राहिला असण्याची शक्यता मोठी. इथे लोक पंपवाल्याला शिव्या देतात, नाहीतर पेट्रोलमधल्या इथेनॉलला. आपल्याच भागातल्या उसाचं इथेनॉल, त्याला एवढं का नावं ठेवावीत! सीएनजीवर पडतो आणि पेट्रोलवर नाही, असं असेल तर थ्रॉटल बॉडी खोलण्यात काही अर्थ नाही. किटचं ट्यूनिंग आणि व्हॉल्व्हचं क्लिअरन्स तपासायला सांगा.

फक्त सकाळी थंड असतानाच बंद पडत असेल, तर एक सोपी परीक्षा आहे. २०१३ नंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना डॅशबोर्डखाली ओबीडीचं, म्हणजे ईसीयूमधली माहिती वाचायचं, सॉकेट असतं. ब्लूटूथचा छोटा स्कॅनर काहीशे रुपयांत मिळतो. रात्रभर उभ्या गाडीला तो लावून, इंजिन सुरू न करता, फक्त चावी ऑन करा. कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसलं पाहिजे. बेळगावच्या जानेवारीत हवा १६ अंश दाखवतेय आणि कूलंट ६०, तर सेन्सर खोटं बोलतोय. त्याचं ऐकून ईसीयू थंड इंजिनाला गरम इंजिनाएवढंच पेट्रोल देतो.

तिसरी चूक, पार्ट बदलून बघण्याची. आधी प्लग, मग कॉइल, मग "सेन्सर गेला असेल काका". गाडी मिसिंग मारत नसेल तर प्लगला हात कशाला लावायचा? त्यापेक्षा स्कॅनरवर फ्युएल ट्रिम नावाचा आकडा बघा. पेट्रोल कमी पडतंय असं वाटून ईसीयू किती टक्के जादा देतोय, ते यातून कळतं. पाच टक्क्यांच्या आत-बाहेर ठीक. आयडलला १० च्या वर आणि २५०० आरपीएमला शून्याकडे येत असेल, तर कुठूनतरी न मोजलेली हवा आत शिरतेय. दोन्हीकडे चढलेलाच राहिला, तर पेट्रोलचं प्रेशर किंवा मळलेला एमएएफ सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) बघा. एक बारीक गोष्ट: हवा एमएएफने मोजणाऱ्या गाडीत गळतीमुळे आयडल खाली येतो आणि डगमगतो. दाबावरून हवेचा अंदाज घेणाऱ्या मॅप सेन्सरवाल्या गाडीत तीच गळती बहुतेक वेळा आयडल उलट वाढवते. त्यामुळे शेजाऱ्याच्या गाडीचं औषध आपल्या गाडीला लागू पडेलच असं नाही.

माझ्या गाडीत एमएएफ आहे आणि ट्रिम १८ दाखवत होता. प्लग नवे, कॉइल नवी, तरी १८. सगळे पाइप मी टॉर्च लावून बघितले होते, सगळे काळे कुळकुळीत, छान. शेवटी उद्यमबागेकडच्या एका मेस्त्रींनी हातभर रबरी नळी घेतली, एक टोक कानाला लावलं आणि दुसरं इंजिनावरून फिरवत नेलं. पीसीव्हीच्या, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ परत आत नेणाऱ्या, पाइपाजवळ थांबले. "काका, वरनं बघून काय उपयोग? खालनं बघा की." त्यांनी वळणाजवळ अंगठ्याने पाइप वाकवला आणि खालच्या अंगाला ओठ उघडावा तशी चीर उघडली. थंड असताना मिटलेली, गरम झाल्यावर उघडी. पाइप बदलला, ट्रिम तीनवर आला.

गळती शोधायला गरम इंजिनावर कार्ब क्लीनर फवारणारे बरेच भेटतील. आग लागते, करू नका. सुगीच्या दिवसांत खानापूर भागात गाडी गवताच्या गंजीशेजारी उभी राहते, तिथे उंदीर आधी वायर आणि बारीक पाइपच बघतात. त्याच भागातल्या तांबड्या धुळीने एअर फिल्टर लवकर चोंदतो. कागदी फिल्टर पाण्याने धुऊन पुन्हा बसवू नका, नवा घ्या.

थ्रॉटल बॉडी साफ करताना इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पट्टी बोटाने ढकलू नका. आतले दातेरी गिअर प्लास्टिकचे असतात. चावी बंद ठेवा, कापडावर क्लीनर घेऊन पुसा. कार्ब क्लीनर एमएएफवर अजिबात मारू नका, त्याचा क्लीनर वेगळा येतो. साफसफाईनंतर आयडल चढलेला दिसला तर घाबरू नका: घाण होती तेव्हा ईसीयूने पट्टी जास्त उघडायला शिकून घेतलेलं असतं. ते पुन्हा शिकवायची पद्धत गाडीनुसार वेगळी, काहींना स्कॅनरच लागतो. पण बऱ्याच गाड्या पूर्ण गरम करून, इंजिन चालू ठेवून दहा मिनिटं एसी-लाइट सगळं बंद आणि दहा मिनिटं एसी लावून उभ्या ठेवल्या की नव्याने शिकतात. चेक लाइट घालवायला बॅटरीची वायर काढायची हौस मात्र आवरा. लाइटबरोबर पुरावाही पुसला जातो.

डिझेलचं सगळं वेगळं. तिथे आधी डिझेल फिल्टर, मग पाइपात शिरलेली हवा, मग ईजीआर (धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह).

आणि स्लो पडलेली गाडी घेऊन गोव्याकडचा चोर्ला घाट उतरू नका. उतरावाच लागला तर न्यूट्रल तर नाहीच. उतारावर इंजिन बंद पडलं की ब्रेकला बूस्टरची मदत जेमतेम दोनेक दाबांची उरते आणि स्टिअरिंग जड होतं. अशा वेळी ब्रेक पंप करू नका, एकदाच दाबून धरा, चावी ऑनच ठेवा म्हणजे स्टिअरिंग लॉक होणार नाही. गिअरमध्ये असाल आणि क्लच सोडलेला असेल, तर चाकंच इंजिन फिरवत ठेवतात आणि बहुतेक वेळा ते पुन्हा धरतं.