त्वचेपासून सेंट्रल स्टेशनपर्यंत : इंदूरमध्ये बायोमेडिकल इलेक्ट्रॉनिक्स कसे शिकावे

दर उन्हाळ्यात निकाल लागले की ओळखीतल्या घरांतली मुले आणि त्यांचे पालक माझ्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात : रुग्णालयातील यंत्रांचे काम शिकायचे असेल तर सुरुवात कुठून करावी? या कामात माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे माझे उत्तर ठाम आहे. मॉनिटरच्या आत काय आहे हे शिकण्याआधी रुग्णाच्या त्वचेवरून निघालेला संकेत सिस्टरांच्या टेबलावरच्या पडद्यापर्यंत, म्हणजे ‘सेंट्रल स्टेशन’पर्यंत, कसा पोहोचतो, ती संपूर्ण वाट शिकावी. यंत्र त्या वाटेवरचे एक ठाणे आहे, आणि बिघाड बहुतेक वेळा त्या ठाण्याच्या अलीकडे किंवा पलीकडे असतो.

प्रवेशाचे मार्ग तीन आहेत. आयटीआयमधील ‘टेक्निशियन मेडिकल इलेक्ट्रॉनिक्स’ हा दोन वर्षांचा ट्रेड, दहावीनंतरचा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम आणि बारावीनंतरची चार वर्षांची पदवी. पदविका झालेल्या विद्यार्थ्याला पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश घेता येतो, त्यामुळे घरची परिस्थिती पाहून पदविकेपासून सुरुवात करण्यात काहीही कमीपणा नाही. इंदूरमध्ये १९५२ साली सुरू झालेल्या श्री गोविंदराम सेकसरिया तंत्रशास्त्र संस्थेत, म्हणजे आपण ज्याला जीएसआयटीएस म्हणतो तिथे, पदवीला बायोमेडिकल ही स्वतंत्र शाखा आहे. पदविकेला ही शाखा मिळाली नाही तर इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन घ्यावे, असे मी आग्रहाने सांगतो. आजच्या रुग्णालयातील निम्मे काम संदेशवहनाचे आहे, आणि ज्याला नेटवर्क कळते त्याला ईसीजीचे सर्किट सहा महिन्यांत शिकवता येते.

महाविद्यालय निवडताना माहितीपत्रकावर विसंबू नये. प्रयोगशाळा डोळ्यांनी पाहून यावी. पेशंट सिम्युलेटर (रुग्णाऐवजी कृत्रिम संकेत देणारे) आणि इलेक्ट्रिकल सेफ्टी ॲनालायझर (यंत्राची विद्युत सुरक्षा मोजणारे) ही दोन उपकरणे तिथे आहेत का, आणि असतील तर ती कुलूपबंद कपाटात आहेत की टेबलावर, हे बघावे. वापराने पुसट झालेली बटणे ही माझ्या दृष्टीने सर्वांत चांगली खूण आहे. शेवटच्या वर्षात रुग्णालयातील प्रशिक्षण किती आठवड्यांचे असते आणि तिथे विद्यार्थ्याच्या हाती स्क्रूड्रायव्हर दिला जातो की त्याला नुसते उभे केले जाते, हे शिक्षकांना विचारण्यापेक्षा शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्यांना विचारावे.

पहिले वर्ष हात बसण्यासाठी असते. मल्टिमीटरने व्होल्टेज, रोध आणि सातत्य (तार मध्येच तुटलेली नाही ना) न चुकता मोजता येणे, सोल्डरचा चकचकीत आणि शंकूसारखा डाग देता येणे, जुन्या पॉवर सप्लायमधला फुगलेला कपॅसिटर नजरेने ओळखता येणे, एवढे पहिल्या वर्षात व्हायलाच हवे. जेल रोड आणि महाराणी रोडच्या दुकानांतून थोड्या पैशांत सुटे भाग मिळतात. पाठ्यपुस्तकातली आकृती घरी ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डरशिवाय भाग खोचून जोडायच्या पाटीवर, जुळवल्याशिवाय ती आपली होत नाही.

दुसऱ्या वर्षी स्वतःच्या हाताने ईसीजीचे सर्किट बांधावे. तीन ऑप-ॲम्पचा (संकेत वाढवणाऱ्या चिपचा) इन्स्ट्रुमेंटेशन ॲम्प्लिफायर, म्हणजे दोन संकेतांमधला फरक वाढवणारे सर्किट, पुढे फार संथ बदल अडवणारा एक हाय-पास आणि फार जलद बदल अडवणारा एक लो-पास फिल्टर, एवढ्यावर ते उभे राहते. मात्र इथे एक अट आहे आणि तिला अपवाद नाही : सर्किट ९ व्होल्टच्या बॅटऱ्यांवरच चालवावे, लॅपटॉपला जोडायचे असेल तर त्याचा चार्जर आधी काढावा, आणि विजेच्या सॉकेटवर चालणारा ऑसिलोस्कोप (तरंग पडद्यावर दाखवणारे यंत्र) माणसाला जोडलेल्या सर्किटला कधीही लावू नये. त्वचेवर चिकटवायच्या, जेल लावलेल्या इलेक्ट्रोडमुळे त्वचेचा रोध खूप कमी झालेला असतो, आणि एरवी हाताला जाणवणारही नाही असा दोष अशा वेळी जिवावर बेतू शकतो. तरंग पाहायचा असेल तर माणसाच्या जागी सिम्युलेटर जोडावा.

हे सर्किट बांधताना जी गोष्ट कळते ती नंतर जन्मभर उपयोगी पडते. ईसीजीचा संकेत त्वचेवर जेमतेम १ मिलिव्होल्टचा असतो, आणि भिंतीत २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचे वायरिंग असल्यामुळे त्याच शरीरावर त्याच्या कितीतरी पट मोठा नको असलेला संकेत चढलेला असतो. तो दोन्ही हातांवर जवळजवळ सारखा चढतो म्हणून ॲम्प्लिफायर त्याची वजाबाकी करू शकतो आणि उरलेला फरक तेवढा वाढवतो. पण एका इलेक्ट्रोडचे जेल सुकले की दोन बाजू सारख्या राहत नाहीत, वजाबाकी अपुरी पडते आणि पडद्यावर रेघेऐवजी दाट केसाळ पट्टा दिसू लागतो.

उमेदवारीच्या काळात एका खासगी रुग्णालयात मला असाच मॉनिटर दाखवण्यात आला. मी तो खाली उतरवला, उघडला, बोर्ड साफ केला, केबलचे सॉकेट नव्याने बसवले आणि दोन तासांनी जोडून पाहिला तर पट्टा तसाच. माझ्या वरिष्ठांनी येऊन इलेक्ट्रोडचे पाकीट हातात घेतले. ते चार दिवसांपूर्वी उघडून तसेच ठेवलेले होते आणि आतले जेल कोरडे पडले होते. नवे पाकीट फोडल्यावर रेघ एका मिनिटात स्वच्छ झाली. त्या दोन तासांत त्या खाटेवरच्या आजोबांवर मॉनिटरची नजर नव्हती, ही गोष्ट मी विसरू शकलेलो नाही, आणि म्हणूनच पुढचा क्रम मी प्रत्येक शिकाऊ मुलाकडून पाठ करून घेतो.

आधी कागदाची पट्टी काढावी. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने सरकतो, म्हणजे १ मिलिमीटरचा लहान चौकोन ०.०४ सेकंदाचा होतो, आणि त्यात ५० हर्ट्झची बरोबर दोन शिखरे बसतात. भिंगाखाली प्रत्येक लहान चौकोनात दोन सारखे दात दिसले तर व्यत्यय विजेच्या लाइनचा आहे. दात अनियमित असतील तर रुग्ण थंडीने किंवा भीतीने थरथरतो आहे आणि त्याला पांघरूण हवे आहे. सबंध रेघ संथपणे वरखाली होत असेल तर श्वासाची हालचाल किंवा सैल इलेक्ट्रोड पाहावा. विजेचा व्यत्यय ठरल्यावर इलेक्ट्रोड बदलावे, त्वचा पुसून कोरडी करावी, मग केबल हलवून पाहावी, मग आसपासचा मोबाइल चार्जर किंवा विजेवर चालणारी खाट बंद करून पाहावी, मग अर्थिंग तपासावे, आणि एवढे झाल्यावरच मॉनिटरला हात लावावा. फिल्टरचे बटण दाबून दात लपवणे ही दुरुस्ती नव्हे. निदानासाठी घेतलेल्या ईसीजीची पट्टरुंदी, म्हणजे नोंदवल्या जाणाऱ्या वारंवारतांची व्याप्ती, ०.०५ ते १५० हर्ट्झ ठेवतात, आणि जास्तीच्या फिल्टरने डॉक्टरांना हवा असलेला बारीक तपशीलही जातो.

वायरींच्या रंगांबद्दल इथेच सांगतो, कारण नवशिक्याची हमखास चूक तिथे होते. आपल्याकडे युरोपीय आणि अमेरिकी अशा दोन्ही पद्धतींच्या केबली सापडतात. युरोपीय पद्धतीत उजवा हात लाल, डावा हात पिवळा, डावा पाय हिरवा आणि उजवा पाय काळा; अमेरिकी पद्धतीत उजवा हात पांढरा, डावा हात काळा, डावा पाय लाल आणि उजवा पाय हिरवा. लाल, काळा आणि हिरवा हे तीन रंग दोन्हीकडे आहेत आणि तिन्हींची जागा वेगळी आहे. म्हणून रंगावर न जाता टोकावरची अक्षरे वाचण्याची सवय लावावी, आणि एका वॉर्डात दोन पद्धतींच्या केबली दिसल्या तर ते लेखी कळवावे.

सुरक्षेच्या चाचणीचा अभ्यास परीक्षेपुरता करू नये. यंत्रावर चौकोनात माणसाची आकृती असेल तर तो बीएफ प्रकार आणि चौकोनात हृदय असेल तर सीएफ, म्हणजे थेट हृदयाशी जोडता येणारा प्रकार. यंत्र निर्दोष असताना रुग्णातून वाहणारा लीकेज करंट (यंत्रातून झिरपणारा नको असलेला प्रवाह) बीएफसाठी १०० मायक्रोॲम्पियर आणि सीएफसाठी १० मायक्रोॲम्पियर एवढाच चालतो. हृदयापर्यंत गेलेल्या कॅथेटरवाटे (बारीक नळीवाटे) फार थोडा प्रवाहही घातक ठरतो, म्हणून ही दहापट कडक मर्यादा आहे. हे मोजमाप सेफ्टी ॲनालायझरनेच करावे. डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र, मात्र पहिली दोन वर्षे उघडूच नये. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये प्राणघातक भार राहू शकतो. त्याची ऊर्जा ५० ओहमच्या भारावर ॲनालायझरने तपासायला शिकावे आणि झाकण अनुभवी माणसाच्या देखरेखीखालीच काढावे.

रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या पल्स ऑक्सिमीटरचे तत्त्व जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात मांडले. साधारण ६६० नॅनोमीटरचा तांबडा आणि ९४० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश बोटातून पाठवून, नाडीबरोबर कमीजास्त होणाऱ्या भागाचे गुणोत्तर काढायचे, एवढे ते सुटसुटीत आहे. वॉर्डातून तक्रार आली की थंड बोट, गडद नेलपॉलिश, खिडकीतले ऊन आणि तुटत आलेली प्रोबची (बोटाला लावायच्या चिमट्याची) वायर, या चार गोष्टी आधी पाहाव्यात.

आता संदेशवहनाचा भाग. विद्यार्थी त्याला दुय्यम समजतात, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. अतिदक्षता विभागातील प्रत्येक मॉनिटर सेंट्रल स्टेशनशी जोडलेला असतो, आणि तिथे चुकीच्या खाटेवर चुकीचा आकडा दिसला तर औषध चुकीच्या माणसाला जाऊ शकते. एका ठिकाणी सेंट्रल स्टेशनवर चार आणि नऊ नंबरच्या खाटा आळीपाळीने नाहीशा होत होत्या. आठवडाभर केबली बदलून झाल्या, स्विच बदलून झाला. शेवटी कळले की दुरुस्तीहून परत आलेल्या मॉनिटरला जुनाच आयपी पत्ता (नेटवर्कवर यंत्राला दिलेला आकडी पत्ता) राहिला होता आणि दरम्यान तोच पत्ता दुसऱ्या मॉनिटरला दिला गेला होता. म्हणून खाटेचा नंबर, मॉनिटरचा अनुक्रमांक, मॅक पत्ता (कारखान्यातून यंत्राला मिळालेला नेटवर्क-क्रमांक) आणि आयपी पत्ता यांची वही ठेवावी, आणि यंत्र हलले की त्याच दिवशी ती वही दुरुस्त करावी. मॉनिटर दुसऱ्या खाटेवर नेला की आधीच्या रुग्णाचे नाव पुसले गेले आहे का, हे पडद्यावर स्वतः वाचून पाहावे.

क्ष-किरण, सीटी आणि सोनोग्राफीच्या प्रतिमा डायकॉम या ठरलेल्या पद्धतीने पॅक्सकडे, म्हणजे प्रतिमा साठवणाऱ्या संगणक-प्रणालीकडे, जातात. जोडणीसाठी आयपी पत्ता, पोर्ट (संगणकातल्या त्या सेवेचा क्रमांक) आणि एई टायटल (डायकॉममधले यंत्राचे नाव) या तीन गोष्टी दोन्ही बाजूंना तंतोतंत जुळाव्या लागतात. पोर्ट परंपरेने १०४ असतो. प्रतिमा जात नसेल तर आधी पिंग (समोरचा संगणक नेटवर्कवर उत्तर देतो का), मग डायकॉम एको (डायकॉमची जोडणी उत्तर देते का), आणि मगच सर्व्हिस इंजिनिअरला फोन, हा क्रम ठेवावा. प्रयोगशाळेचे आकडे बहुतेक ठिकाणी एचएल सेव्हन या ठरलेल्या साच्यातील संदेशांतून येतात. त्यात पीआयडी या ओळीत रुग्णाची ओळख आणि ओबीएक्स या ओळीत मोजमाप असते. असा एक संदेश कागदावर उतरवून उभ्या रेषांमधला एकेक रकाना ओळखण्याचा सराव केला तर पुष्कळशी धास्ती जाते. सर्व यंत्रांची घड्याळे एकाच टाइम सर्व्हरला बांधलेली असावीत. दोन यंत्रांत सात मिनिटांचा फरक असेल तर नोंद आणि प्रसंग जुळत नाहीत, आणि नंतर चौकशी झाली तर सत्य शोधणे कठीण जाते.

इंदूरच्या मराठी विद्यार्थ्याला तीन भाषांत काम करावे लागते : घरी मराठी, वॉर्डात हिंदी आणि मॅन्युअल इंग्रजी. सिस्टर ‘लाइन हिल रही है’ म्हणाल्या तर रेघ वरखाली होते आहे आणि ‘लाइन मोटी आ रही है’ म्हणाल्या तर बहुधा विजेचा व्यत्यय आहे, अशा बोलींची यादी स्वतः करावी. तक्रार करणाऱ्याला तांत्रिक शब्द शिकवण्यापेक्षा त्याचे शब्द आपण शिकणे जलद होते, आणि सिस्टरही मोकळेपणाने बोलतात.

पदविकेनंतर १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली वर्षभराची ॲप्रेंटिसशिप मिळू शकते. मध्य प्रदेशासाठी तिचे काम मुंबईचे पश्चिम विभागीय शिकाऊ प्रशिक्षण मंडळ पाहते. स्टायपेंड थोडा असला तरी मोठ्या रुग्णालयातली जागा सोडू नये. इंदूरच्या मोठ्या सरकारी एम. वाय. रुग्णालयासारख्या ठिकाणी एका महिन्यात जेवढ्या प्रकारचे बिघाड पाहायला मिळतील तेवढे लहान नर्सिंग होममध्ये वर्षात मिळणार नाहीत. याच काळात वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ वाचून काढावेत आणि त्यातील जोखमीनुसार केलेले ए ते डी हे चार वर्ग समजून घ्यावेत, कारण मुलाखतीत त्यावर प्रश्न येतो.

वर्षभर बांधीव वहीत नोंदी ठेवाव्यात, सुट्या कागदांवर नव्हे. तारीख, यंत्राचा अनुक्रमांक, सिस्टरांनी सांगितलेली तक्रार त्यांच्याच शब्दांत, आपण आधी काय मोजले, आकडा किती आला, काय बदलले आणि नंतर आकडा किती आला, असे रकाने असावेत. अंदाज चुकला असेल तर तोही खोडू नये. यंत्र वॉर्डात परत दिल्यावर दहा मिनिटे खाटेजवळ थांबावे, अलार्मची मर्यादा मुद्दाम ओलांडून आवाज खाटेवर आणि सेंट्रल स्टेशनवर, दोन्हीकडे वाजतो का ते ऐकावे, मर्यादा पूर्ववत करावी आणि त्यानंतरच वहीवर सिस्टरांची सही घ्यावी.